दर पावसाळ्यात चिकटवहीचा पापड होतो, त्याचं काय करायचं?

मे महिन्यात आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी एक चिकटवही केली होती. चाळीस पानं, सगळी कोलाजची. लग्नपत्रिकांवरचे गणपती, पैठणीच्या काठाची रंगीत झेरॉक्स, जुन्या बाजारात मिळालेली पोस्टकार्डं, घरातले फोटो. कार्यक्रमात वही हातोहात फिरली, दोन मावश्या रडल्या, मी खूश. गौरीजेवणाला आत्याकडे गेले तेव्हा तीच वही टीव्हीखालच्या कपाटावर खुडूक कोंबडीसारखी फुगून बसलेली. मिटतच नव्हती. आत्या पुरणपोळी वाढता वाढता म्हणाली, "अगं, पानं चिकटवलीस की पापड लाटलेस?"

तिचं काही चूक नव्हतं. आणि हे पहिल्यांदाही झालेलं नव्हतं. शनिवारी आमच्या कोथरूडच्या घरी सहा-सात जणी चिकटकामाला जमतो. दर जुलैत कुणी ना कुणी अशी फुगलेली वही घेऊन येतंच, आणि निकाल ठरलेला असतो: "गम बदलून बघ." मीही चार वर्षं बदलून बघत होते. शेवटी आत्याची वही पिशवीत घालून अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातल्या एका बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. डोळ्यांसमोर आडवी धरून कडेने पाहिली आणि म्हणाले, "ताई, गम चांगलाय. पाणी जास्त झालंय आणि ग्रेन आडवा गेलाय."

ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून सुरू झालं. त्यानंतर मी जो काही कागद वाया घालवला, त्याचा हा हिशोब.

आधी पान कडेने बघा

वरून बघून काहीच कळत नाही. पान टेबलावर ठेवा, खाली वाका आणि डोळा कागदाच्या पातळीवर आणा. तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींना आपण सरसकट "पान वळलं" म्हणतो.

पान चिकटवलेल्या बाजूला वाटीसारखं खोल झालं असेल, तर दोष वर चिकटवलेल्या कागदाचा. गम लावल्यावर तो ओला होऊन वाढला, वाढलेला असतानाच तुम्ही तो पानावर बसवला आणि सुकताना तो आकसला. आकसताना खालच्या पानालाही घेऊन गेला.

पान उलटं, म्हणजे पालथ्या वाटीसारखं वर आलं असेल, तर तिथे बहुतेक फोटो असतो. फोटोवर पुढे बोलू.

पान बऱ्यापैकी सपाट आहे पण मधे फुगे आणि सुरकुत्या आहेत, तर ती निव्वळ घाई. गम लावलेला कागद लगेच चिकटवला की तो पानावर बसल्यानंतरही वाढत राहतो आणि वाढायला जागा नसल्याने उचलला जातो. यावरचा उपाय फुकटचा आहे. गम लावा, कागद आधी वळेल, मग हळूहळू मऊ पडून सरळ होईल. साध्या झेरॉक्सच्या कागदाला यासाठी मिनिटभर पुरतं, जाड कार्डशीटला दोन-तीन मिनिटं लागतात. मग चिकटवा. आमच्यातल्या निम्म्या तक्रारी या एका मिनिटात संपल्या.

उरलेल्या निम्म्या ग्रेनच्या.

ग्रेन म्हणजे काय, ते ताटलीत बघा

कागद यंत्रावर होतो तेव्हा लगद्यातले तंतू पुढे पळणाऱ्या जाळीबरोबर एकाच दिशेला निजतात. तंतू ओला झाला की लांबीला जेमतेम वाढतो, रुंदीला मात्र चांगलाच फुगतो. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेला पसरतो आणि सुकताना त्याच दिशेने आकसतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक उद्योग करा. ताटलीत पाणी घ्या. ट्रेसिंग पेपरचा काडेपेटीएवढा चौकोन कापून पाण्यावर अलगद सोडा, बुडवू नका. दोन-चार सेकंदांत तो स्वतःहून गुंडाळायला लागतो आणि छोटी सुरळी होते. ओली खालची बाजू पसरली, कोरडी वरची बाजू तेवढीच राहिली, म्हणून. सुरळी ज्या दिशेला लांब, तीच ग्रेनची दिशा. थोड्या वेळाने वरची बाजूही भिजते आणि सुरळी उलगडते. आमच्याकडे एका शनिवारी सात बायका एका ताटलीभोवती डोकी खुपसून हे बघत होत्या आणि चहा गार झाला.

ज्याला पाणी नको त्याने वर्तमानपत्र घ्यावं. वरून खाली फाडलं तर पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं तर फाट वाकडीतिकडी पळते. सरळ फाटतं ती ग्रेनची दिशा. कोलाजसाठी आपण तरी कागद हाताने फाडतोच, ती पांढरी केसाळ कड हवी असते म्हणून. तेव्हा फाडतानाच लक्ष ठेवायचं. जाड कागद फाडायचा नसेल तर तो नुसता अर्धा वाकवून वर हलकेच दाबून बघा. एका दिशेला तो गुपचूप वाकतो, दुसऱ्या दिशेला हाताला विरोध करतो. जिकडे गुपचूप वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन.

आता नियम. वहीच्या पानाचा ग्रेन शिवणीला समांतर, म्हणजे उभा हवा. वर चिकटवायचे मोठे तुकडे त्याच दिशेने लावायचे. आत्याच्या वहीत मी काय केलं होतं? मोठे रंगीत कागद पानाच्या मापात बसावेत म्हणून आडवे फिरवून कापले होते. पान एका दिशेला आकसणार, वरचा कागद दुसऱ्या. दोघांच्या भांडणात पान बिचारं जिन्यासारखं पिळलं.

बोटाएवढ्या तुकड्यांना हा नियम लावत बसू नका, वेड लागेल. कोलाजचं खरं रक्षण तिथेच आहे: बारीक तुकडे सगळ्या दिशांनी लावले की एकमेकांची ओढ मारतात. तळहाताहून मोठा कागद असेल तेव्हाच ग्रेन बघा.

आणि एक सोय पुण्यातच आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून हातकागद करते. हातकागदात लगदा साच्यात घेऊन हलवला जातो, त्यामुळे तंतू सगळीकडे तोंडं करून बसतात आणि कागद ओला झाला तरी सगळ्या बाजूंनी साधारण सारखा वाढतो. शिवाय तो कापसाच्या चिंध्यांपासून केलेला असला तर वर्षानुवर्षं पिवळा पडत नाही. महाग पडतो, हे खरं. मी पूर्ण वही त्याची करत नाही. तळाचा मोठा थर तेवढा हातकागदाचा आणि वरचा पसारा रद्दीतला.

पाणी कमी, आणि पाठीला सोबत

फेविकॉलमध्ये पाणी घालून पातळ करण्याची सवय आपल्याला शाळेतल्या चिकटकामाने लावली. वहीसाठी ती सोडा. पातळ केलेला गम म्हणजे जास्त पाणी, जास्त वाढ, जास्त आकसणं. न मिसळता घ्या, इंचभर रुंद चपट्या ब्रशने किंवा जुन्या एटीएम कार्डाने मधून बाहेर असा पातळ पसरवा. तुकडा उलटा करून बोटाने चाचपला तर चिकट लागावा, ओला लागू नये. खाली पसरायला वर्तमानपत्र घेऊ नका, त्याची शाई तुमच्या कागदावर उमटते. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ छान.

तरीही अख्खं पान झाकणारा कागद लावला की वाटी होणारच. त्यावर बाइंडर लोक जे करतात तेच करायचं: पानाच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद, त्याच ग्रेनने, त्याच दिवशी चिकटवायचा. दोन्हीकडून सारखी ओढ, पान मधे सरळ. दुसऱ्या दिवशी सवडीने लावू म्हटलं की पान आधीच वळून बसलेलं असतं. लागलेल्या मागच्या कागदावर पुढचं कोलाज करता येतंच, वाया काही जात नाही.

मग वाळवणं. पंखा नको, ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. एका बाजूने वाळलं की तीच बाजू आधी आकसते. पानाच्या दोन्ही बाजूंना बेकिंग पेपर, त्याबाहेर टीपकागद आणि वर वजन. आमच्याकडे वजनाला तीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत. बाबा ते रद्दीत देऊ देत नाहीत, त्याचा हा एकमेव व्यावहारिक उपयोग. उन्हाळ्यात एक दिवस पुरे. पावसाळ्यात दोन, आणि मधे टीपकागद बदलायचा.

काडीवाल्या गमात पाणी कमी असतं म्हणून वळण्याचा त्रास कमी, पण मोठ्या तुकड्यांच्या कडा काही महिन्यांत सुटतात. मी तो फक्त बारीक तुकड्यांना वापरते. दोन बाजूंच्या टेपला पाणीच नाही, पण एकदा वाकडं लागलं की संपलं.

गमाचं दुखणं जुनंच आहे म्हणा. मार्क ट्वेनने 1873 मध्ये स्वतःच चिकटणाऱ्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांवर गमाच्या पट्ट्या आधीच लावलेल्या, ओलं केलं की झालं. आपल्याकडच्या जुलैत ती वही ओलं करायची वाट बघत बसली नसती. तिची पानं आपसांतच चिकटली असती.

फोटोची गोष्ट वेगळी

लॅबमधून येणारा रंगीत फोटो कागद वाटतो, पण त्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर असतो. गमातलं पाणी फोटोत शिरत नाही, सगळं खालच्या पानात मुरतं. पान वाढतं, फोटो तेवढाच राहतो. मग पान सुकून आकसतं आणि फोटोला पाठीवर घेऊन वर येतं. पालथी वाटी.

आता मे आणि जुलैचा हिशोब बघा. मे महिन्यातल्या पुण्याच्या कोरड्या ठक्क दुपारी केलेलं पान जुलैत हवेतली ओल पितं आणि पसरतं. फोटो पसरत नाही. अख्ख्या पाठीला गम लावलेला असेल तर गम कितीही भारी असो, पान वळणार म्हणजे वळणार. आत्याचं घर नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्याला आहे. तिच्याकडे तर भिंतीतल्या कपाटात ठेवलेली काडेपेटीही श्रावणात पेटत नाही.

म्हणून फोटो पूर्ण चिकटवू नका. आपल्या आजी-आजोबांच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे होते, ते शहाणपणाचं होतं. कोपरे नको असतील तर कागदी बिजागरी करा. पातळ कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी मधोमध दुमडायची, अर्धी फोटोच्या वरच्या कडेमागे, अर्धी पानावर. फोटो वरून टांगलेला राहतो आणि खालचं पान हवं तेवढं हलू शकतं. कोलाजमध्ये बिजागरी दिसतही नाही, वरून एखादा फाटका तुकडा येतोच.

फोटो समोरासमोर येतील अशी पानं करू नका. दमट हवेत फोटोचा चकचकीत थर मऊ पडतो आणि दोन चेहरे एकमेकांना चिकटतात. वेगळे करायला गेलं की एकाचं नाक दुसऱ्याच्या गालावर.

घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे फोटो आणखी नाजूक. गमाचं पाणी लागलं की शाई पसरते. कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून बघा. रंग आला तर तो फोटो दुकानातून लेझर प्रिंट करून आणा. हीच परीक्षा पतंगी कागदाची आणि क्रेप कागदाची. लाल पतंगी कागदाने माझ्या मावसभावाच्या मुंजीच्या पानावर असा काही रंग सोडला, की बटू होळी खेळून आल्यासारखा दिसतो.

कात्रणं, तिकिटं आणि कसर

आत्याने 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराची कात्रणं जपून ठेवली होती. मी अतिउत्साहात त्यातलं एक मूळ कात्रण चिकटवलं. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं. ते पिवळं पडतं, आम्लही धरतं आणि शेजारच्या कागदावर तपकिरी सावली सोडतं. कात्रणाची रंगीत झेरॉक्स लावा. मूळ कागद वहीच्या शेवटी पाकिटात ठेवा.

पीएमपीच्या बसमध्ये मशीनमधून निघणारी तिकिटं आणि दुकानाच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. त्यांवरची अक्षरं आपोआप उडतात, गम लागला तर आणखी लवकर. त्यांचीही झेरॉक्सच.

जुन्या, परत न मिळणाऱ्या वस्तूंना मी फेविकॉल लावत नाही, कारण तो वाळला की पाण्याने सुटत नाही. त्यांना मैद्याची खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची आणि फडक्यातून गाळून गार करायची. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. चुकलं तर ओलसर कापसाने पुन्हा मऊ होते, हा तिचा गुण. पाणी भरपूर असतं, हा अवगुण. म्हणून फक्त बिजागरीपुरती वापरा. खळीवर कसर येते. बाइंडर त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, घरात पोरंबाळं असतील तर नकोच. मी कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते, पोथ्यांना ठेवतात तशा, आणि वही बाहेरच्या भिंतीला लागून ठेवत नाही.

पानं सपाट, तरी वही मिटत नाही

हे वळणं नाहीच, नुसती बेरीज आहे. पानागणिक एक मिलिमीटरचा थर लावला तर वीस पानांना दोन सेंटिमीटर जाडी वाढली, आणि शिवण मात्र होती तेवढीच. वही सुरू करण्याआधी एक सोडून एक पान कापून टाका, पण शिवणीकडे दोन सेंटिमीटरची पट्टी राहू द्या. मुळापासून फाडलंत तर शिवणीपलीकडचा त्याचा जोडीदार सुटून हातात येईल. या पट्ट्या शिवणीकडची जाडी भरून काढतात. पत्रिकेवरचे उठावाचे गणपती, बटणं, वाळवलेली पानं सगळ्या पानांवर मधोमध लावू नका. एकावर एक आले की मधे टेकाड होतं.

वळलेलं पान सरळ करायचं असेल तर

इस्त्री करू नका. मी केली. आजोबांच्या फोटोवरचं प्लास्टिक फोडासारखं उचललं गेलं आणि आता त्यांच्या टोपीच्या जागी एक विवर आहे.

टीपकागद पाण्यात बुडवून नीट पिळा, कोरड्या टॉवेलमध्ये दाबा, हाताला गार लागेल एवढाच ओलावा राहू दे. पानाची जी बाजू आत ओढली गेली आहे, त्या बाजूला तो दहा मिनिटं ठेवा. पालथ्या वाटीत ही बाजू पानाची पाठ असते, तिथे निर्धास्त ठेवा. पण वाटी झाली असेल तर ओल कोलाजच्याच बाजूला लागेल, म्हणून आधी कापसाची परीक्षा. रंग सुटला तर ओल विसरा, थेट मागच्या बाजूला जोडकागद चिकटवा, तोच पानाला उलट ओढून आणेल. मग बेकिंग पेपर, कोरडा टीपकागद आणि दोन दिवस वजनाखाली. मधे उघडून बघायचा मोह होतो, बघू नका.

आत्याच्या चाळीस पानांपैकी एकतीस अशी सरळ झाली. पाच पानांवरचे फोटो सोडवून बिजागरीवर टांगले. चार पानं अजून वाकडी आहेत, त्यात पानशेतचं एक. आत्याने वही पुन्हा टीव्हीखालच्या कपाटावर ठेवली आहे आणि तिच्यावर आईचा पितळी पानाचा डबा. अडीच किलोचा आहे. चालतो.